‘फॉरमॅट मारू का, वहिनी?’

दुकानातल्या मुलाने 2012 साली मला हे विचारलं आणि मी सहज ‘मारा’ म्हणून मोकळी झाले. घरचा कॉम्प्युटर फारच रेंगाळत होता, सी ड्राइव्ह गच्च भरला होता. फॉरमॅट म्हणजे काहीतरी सर्व्हिसिंग असावं, असा माझा समज. संध्याकाळी कॉम्प्युटर घरी आला, अगदी नवा कोरा. सासूबाईंच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या ओव्या डेस्कटॉपवर होत्या, त्या गेल्या. सासूबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. वर घरात मलाच ऐकावं लागलं, ‘‘डेस्कटॉपवर कशाला ठेवायच्या?’’

डेस्कटॉपवरच्या फाइली सी ड्राइव्हमध्येच असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

मैत्रिणींनो, सी भरला एवढ्यासाठी फॉरमॅट करायची गरजच नसते. दुकानदार बहुधा एकाच डिस्कच्या दोन खोल्या करून देतो. माझ्या 1 टीबीच्या डिस्कवर प्रत्यक्षात 931 जीबी दिसतात. त्यातले 100 सी ला, बाकी सगळे डी ला. विंडोज राहते सी मध्ये, अपडेट घेऊन घेऊन फुगते, आणि डी अर्धा रिकामा. मधली भिंत सरकवता येते. एक्सपीच्या काळात त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागायचं. 2007 साली व्हिस्टा आलं तेव्हापासून ही सोय विंडोजमध्येच आहे. आताच्या विंडोजमध्ये स्टार्टवर राइट क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट दिसेल.

यंदा माझा सी पुन्हा लाल झाला, तेव्हा मी स्वतःच बसले. श्रिंक व्हॉल्यूम वापरून डी मधून 150 जीबी काढले. पण सी वर एक्स्टेंड व्हॉल्यूम काही उजळेना! बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं की जागा डी च्या शेवटी सुटते, आणि सी ला हवी असते लगेच उजवीकडची. म्हणजे वाढवायचं स्वयंपाकघर आणि जागा मोकळी झाली परसदाराशी.

जीपार्टेडसारखं फुकट सॉफ्टवेअर अख्खा डी उचलून बाजूला सरकवतं. पण त्याला तासन् तास लागू शकतात, आणि मध्येच वीज गेली तर फाइलींची खात्री नाही. आमच्याकडे विजेचा नेम नसतो, तेव्हा मी तो नाद सोडला.

मी डी मधलं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलं. माझ्या डी मध्ये नुसत्या फाइलीच होत्या. तिथे प्रोग्रॅम टाकलेले असतील तर ते आधी काढावे लागतात. पाच-दहा फोटो, एक व्हिडिओ, क्लासच्या फीचा हिशेब उघडून पाहिला. जे गेलं तर रडू येईल, तेवढ्याची आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली, कारण डी पुसल्यावर हातात एकच प्रत उरते. मग हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह चक्क उपसून ठेवले. त्याच खिडकीत तेही दिसतात आणि घाईत भलताच डिलीट व्हायचा! त्यानंतर डी डिलीट केला, सी 150 ने वाढवला, उरलेल्या जागेत नवा डी केला आणि सामान परत लावलं. भिंत सरकवायला पंधरा मिनिटं, कॉपीला अख्खी दुपार. सी आणि डी च्या मध्ये एखादं छोटं रिकव्हरी पार्टिशन दिसलं, तर मात्र तिथेच थांबा आणि जाणकाराला विचारा.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला फॉरमॅट सोपं पडतं, आणि आपल्या डिस्कमध्ये काय जपलंय ते त्याला कुठून कळणार? ‘आधी कॉपी घेतलीस का?’ हे आपणच विचारायला हवं. घरात ‘तू त्यात पडू नकोस’ म्हणतात, ते मला पटत नाही. गॅसचा रेग्युलेटर आपण बदलतो, बँकेचे फॉर्म आपण भरतो, मग याच डब्याला एवढं का भ्यायचं?

परवा शेजारच्या वहिनींचा दुकानातून फोन आला. पलीकडून मुलाचा आवाज ऐकू येत होता, तोच प्रश्न. म्हटलं, ‘‘थांबायला सांगा त्याला. मी हार्ड डिस्क घेऊन येतेय.’’