गोळीची किंमत कोणाच्या हातात?

पुण्यात येरवड्याच्या लक्ष्मीनगरात संध्याकाळी एखाद्या मेडिकलसमोर थोडा वेळ उभे राहिले की कळते, अख्खी पट्टी घेणारे कमी. 'पाचच द्या' म्हणणारे जास्त. हातावर पोट असलेला माणूस औषधही रोजच्या कमाईच्या बेताने घेतो. दुकानदार कात्रीने पट्टी कापतो आणि औषधाचे नाव, मुदत, एमआरपी छापलेला तुकडा बहुतेक वेळा दुकानातच राहतो. गिऱ्हाइकाच्या हाती येतात चकचकीत कागदातल्या पाच निनावी गोळ्या. सुट्या गोळ्यांचे पैसे पट्टीच्या प्रमाणातच घ्यावेत आणि दरपत्रक कोणालाही सहज पाहता येईल असे दुकानात लावावे, हे २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने बंधनकारक केले आहे. ज्याच्यासाठी ते केले, त्याला ते कोणी सांगितलेले नाही.

औषधांच्या महागाईची चर्चा आपण दिल्लीच्या निर्णयांवर सोडून देतो. ती येरवड्यातून सुरू करण्याला कारण आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक येथे आहे. मानसिक आजाराचे औषध दोन-चार दिवसांचे नसते; ते महिनोन्‌महिने, अनेकांना वर्षानुवर्षे घ्यावे लागते. येथून बरा होऊन गावी गेलेल्या माणसाच्या घरात पैसे संपले, की पहिली काट या गोळ्यांवर बसते, कारण माणूस वरून ठणठणीत दिसत असतो. काही आठवड्यांत झोप उडते, आवाज पुन्हा ऐकू येऊ लागतात आणि घरचे त्याला घेऊन पुन्हा येरवड्याची वाट धरतात. चार महिन्यांच्या उपचारांवर पाणी पडते ते एका पट्टीपायी.

हे होऊ नये म्हणून कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ नुसार मानसिक आजाराची अत्यावश्यक यादीतली औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात, सर्व काळ मोफत मिळाली पाहिजेत. 'सर्व काळ' हे शब्द महत्त्वाचे. या कायद्याच्या जडणघडणीत पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने मोलाचे काम केले. तरीही आपल्या ग्रामीण रुग्णालयात आज रिस्पेरिडोन किंवा लिथियम शिल्लक आहे का, हे रुग्णाच्या आईला एसटीचे तिकीट काढण्यापूर्वी कळण्याची सोय नाही. केसपेपर काढायचा, रांगेत उभे राहायचे आणि शेवटी खिडकीवर ऐकायचे : 'बाहेरून घ्या.'

खुद्द पुण्यात या औषधांच्या साठ्यावर तीन घरांचा कारभार आहे. मनोरुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे, येरवड्यातले राजीव गांधी रुग्णालय महापालिकेचे आणि ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. काही किलोमीटरच्या परिघात तीन मालक आणि तीन साठे. राज्य सरकारने २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभे केले, ते योग्यच झाले. पण एका रुग्णालयात मुदत संपत आलेला साठा पडून आणि शेजारच्या रुग्णालयात खडखडाट, हे टाळायचे तर तिघांचे आकडे एका जागी दिसले पाहिजेत. आज ते तसे दिसत नाहीत.

आता 'बाहेरून' म्हणजे काय, तेही पाहू. अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवते. मात्र उत्पादनखर्चावरून नाही. बाजारात एक टक्का किंवा अधिक हिस्सा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढायची आणि तीवर किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के चढवायचे, अशी ही रीत आहे. बाजार आधीच चढा असेल तर सरासरीही चढीच निघणार. यादीतल्या औषधात दुसरे औषध मिसळून केलेल्या जोडगोळीला, ती जोडी स्वतः यादीत नसेल तर, ती मर्यादा लागू होत नाही. यादीबाहेरच्या औषधांची एमआरपी दरवर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. सदाशिव पेठेच्या ठोक बाजारातून स्वस्तात उचललेल्या जेनेरिकवरही एमआरपी ब्रँडच्या आसपासची छापलेली असू शकते. मधला फरक कोणाच्या खिशात जातो, ते रुग्णाला कळत नाही. सरकारने २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ औषधांच्या विक्रीसाखळीतला नफा ३० टक्क्यांवर रोखला, तेव्हा काही ब्रँडच्या किमती ९० टक्क्यांपर्यंत उतरल्या. किमतीत किती हवा भरली होती, याचा यापेक्षा ठसठशीत पुरावा नको.

डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहावे, हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला. डॉक्टरांचा आक्षेप दर्जाबद्दल होता आणि तो झटकून टाकता येणार नाही. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले; न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची कीड उघड केली. त्यालाही चार दशके होत आली आणि २०२४ मध्ये नागपूर, अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयांना पुरवलेली प्रतिजैविके बनावट निघाली. स्वस्त म्हणजे सुमार, हा समज प्रवचनाने जाणार नाही. प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल लोकांसमोर ठेवला तरच जाईल.

तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापले. तिथे नमुना प्रयोगशाळेच्या कसोटीला उतरल्याशिवाय माल गोदामातून हलत नाही आणि प्रत्येक रुग्णालयाच्या पासबुकात किती रकमेची औषधे उचलली याची नोंद होते. २००८ पासून घाना, पेरू, फिलिपिन्ससह सात देशांत सरकार, कंपन्या आणि नागरी संस्था यांना एका टेबलाशी बसवून औषधांची माहिती खुली करण्याचा प्रयोग झाला. त्यामागचा विचार आपल्यालाही उपयोगी आहे : किमतीची माहिती कंपनीकडे, विक्रीची केमिस्टकडे, दर्जाची अन्न व औषध प्रशासनाकडे आणि झळ रुग्णाकडे. चौघांनी आपापले पत्ते उघडल्याशिवाय हिशेब लागत नाही.

पुण्याकडे यासाठी माणसे आहेत. औषधांच्या प्रश्नावर डॉ. अनंत फडके आणि जन आरोग्य अभियान अनेक वर्षे अभ्यासपूर्वक लढत आले आहेत. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्णांच्या कुटुंबांना संघटित केले आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी या संस्था, तिन्ही रुग्णालये, औषध प्रशासन, केमिस्टांची संघटना आणि डॉक्टरांची संघटना यांची समिती येरवड्यासाठी नेमावी. तिचे काम मोजके हवे. मानसिक आजार, मधुमेह आणि रक्तदाबाच्या निवडक औषधांचा तिन्ही रुग्णालयांतला साठा दर सोमवारी मराठीत फलकावर आणि मोबाइलवर जाहीर व्हावा. त्याच औषधांची सरकारी खरेदीची, जनऔषधी केंद्रातली आणि मेडिकलमधली किंमत शेजारी-शेजारी छापावी. कापलेल्या पट्टीबरोबर नाव, मुदत आणि किंमत लिहिलेली पुडी देण्याचे केमिस्टांनी स्वतःहून मान्य करावे. ती पुडी छापण्याचा खर्च महापालिकेने उचलावा. आणि खिडकीवर 'बाहेरून घ्या' म्हणायची वेळ आलीच, तर ते तोंडी न सांगता औषधाच्या नावासह केसपेपरवर लिहून, सही करून द्यावे. अशा नोंदी दरमहा समितीपुढे आल्या पाहिजेत, कारण कायद्याने मोफत ठरवलेले औषध कुठे अडले, हे त्यांवरूनच कळेल.