अंतर किलोमीटरांत नसते

अमेरिका किती लांब, या प्रश्नाला आपल्याकडे आता किलोमीटरांत कोणी उत्तर देत नाही. ज्यांची मुले कॅलिफोर्नियात आहेत, त्या पुण्या-नाशिकच्या आईबापांना तास पाठ असतात. पण हे तास ठरवते कोण?

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हेच उदाहरण घेऊ. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणला, तर अंतर भरते सुमारे १२,४०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशाने अमेरिका पश्चिमेला असल्याची समजूत आपल्या मनात पक्की केलेली असते. दोरा मात्र हिमालय आणि सायबेरिया ओलांडून, आर्क्टिक महासागरावरून अलास्काकडे उतरतो.

विमान काही या दोऱ्यावरून जात नाही. तिबेटच्या पठारावर विमानातला हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला झटकन दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते, आणि तिथे तर जमीनच त्याहून उंच! शिवाय वारा आहे. एअर इंडियाची विमाने आधी अटलांटिकवरून जात. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी पॅसिफिकचा रस्ता धरला. अंतर १५,३०० किलोमीटरांवर गेले, पण प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे जवळजवळ दोन तास लवकर संपला. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा पाठीशी होता. लांबची वाट जवळची ठरते ती अशी.

वाऱ्याशी भांडता येत नाही. सरकारांचे तसे नाही. आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक राष्ट्राची पूर्ण सत्ता, हे १९४४ च्या शिकागो कराराने मान्य केले. त्या सत्तेचा वापर आपण पाहतोच आहोत. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाने अनेक पाश्चात्त्य कंपन्यांना आपले आकाश बंद केले. एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानने भारतीय विमानांना मज्जाव केला आणि आपणही त्यांच्या विमानांना. ती बंदी महिन्यामहिन्याने वाढत गेली. दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानांना वळसा पडला. काहींना वाटेत इंधनासाठी उतरावे लागले.

पहलगामनंतर सरकारने गप्प बसावे, असे मी म्हणणार नाही. पण आकाशबंदीचा हिशेब मांडताना आपण कंपन्यांचा तोटा तेवढा मोजतो, आणि तिकीट वाढले की कुरकुरतो. एक हिशेब कुणाच्याच वहीत नसतो. घरात कोणी गेले की नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात : मुलगा येईपर्यंत थांबायचे का? त्याचे उत्तर विमानाच्या तासांवर ठरते. दोन-तीन तासांचा वळसा, त्यात हुकलेले पुढचे विमान, म्हणजे कधीकधी आख्खा दिवस. तेवढ्यात अंत्यदर्शन हुकते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. शत्रुत्व चालू असतानाही प्रवासी विमानांची वाट वाटाघाटींच्या यादीत वर असावी. ती उघडणे म्हणजे नमते घेणे, असे कोणी समजू नये. अंतर भूगोलाने दिले, ते बदलणार नाही. तास मात्र माणसांनी वाढवले आहेत, आणि ते कमी करणे माणसांच्याच हाती आहे.