सैतानाच्या पदरी बांधलेले संगीत

आज मध्यरात्री वसईपासून सोलापूरपर्यंत आणि पणजीपासून नागपूरपर्यंत जेथे जेथे ख्रिस्तमंदिरांचे दिवे उजळतील, तेथे तेथे 'सायलेंट नाइट' या गीताचे सूर कोणत्या ना कोणत्या भाषेत उमटल्यावाचून राहणार नाहीत. इतके शांत, इतके सोवळे गीत क्वचितच सापडेल. परंतु २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या गावी सेंट निकोलस देवळात ते प्रथम गायिले गेले, तेव्हा त्याच्या साथीला ऑर्गन नव्हता. होती ती गिटार. योझेफ मोर या तरुण धर्मगुरूने लिहिलेल्या शब्दांना फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तराने चाल लावली आणि मोरने स्वतः गिटार हाती घेतली. हे आम्ही एवढ्यासाठी सांगतो की, पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी त्याच गिटारीला वीज जोडली गेली, मागे ढोल वाजू लागला, आणि पाहता पाहता ती सैतानाचे हत्यार ठरली. ठरविणारे कोणी नास्तिक नव्हते. ती ज्यांच्या देवळात वाजत होती, तेच होते.

रॉक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताची धर्ममंडळींनी केलेली निंदा हा आता जुना विषय झाला, असे पुष्कळांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. या निंदेने त्या संगीताचे काय बिघडले, असे विचारले तर उत्तर सोपे आहे : काहीही नाही. तबकड्या खपतच राहिल्या. ज्यांना देवाशी कर्तव्य नव्हते, त्यांनी ती निंदा कानांआड केली. तिचा घाव बसला तो श्रद्धावंतांना; ज्यांना देवही हवा होता आणि ते गाणेही हवे होते त्यांना. त्यांच्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

मुळात हे संगीत आले कोठून? अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरीब मंडळ्यांच्या उपासनेतून. सिस्टर रोझेटा थार्प ही १९१५ साली आर्कान्सा राज्यात जन्मलेली कृष्णवर्णीय बाई लहानपणापासून आईबरोबर प्रार्थनासभांतून गिटार वाजवीत असे. १९३८ साली तिने तीच भक्तिगीते न्यूयॉर्कच्या रंगमंचावर गायिली, तबकड्यांवर नोंदविली, आणि तिच्याच मंडळीतील पुष्कळांचा तिच्यावर रोष झाला. गीते देवाची, परंतु जागा चुकली! १९४७ साली जॉर्जिया राज्यातील मेकन गावी तिने एका चौदा वर्षांच्या पोराला आपल्या कार्यक्रमात गाण्यास उभे केले. तो पोर म्हणजे पुढचा लिटल रिचर्ड. १९५७ च्या ऑक्टोबरात, कीर्ती शिगेला पोहोचलेली असताना, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात या लिटल रिचर्डने एकाएकी सारे सोडले, बोटांतील मूल्यवान अंगठ्या पाण्यात फेकल्या आणि तो बायबलचा अभ्यास करण्यास निघून गेला. १९६२ साली तो इंग्लंडात परत रंगमंचावर आला. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा सोडून गेला आणि नंतर पुन्हा परतला. २०२० साली मृत्यू येईपर्यंत हे येणे-जाणे त्याच्या मनात तरी थांबले होते की नाही, कोण सांगणार? लोक त्याला लहरी म्हणत. आम्हांस मात्र त्यात लहर दिसत नाही. दोन घरांच्या उंबरठ्यांवर उभे केलेले एक माणूस दिसते.

याहून विलक्षण कथा लुइझियानातील फेरिडे या खेड्यातील दोन चुलत-मावस भावांची आहे. जेरी ली लुइस आणि जिमी स्वागार्ट, दोघांचाही जन्म १९३५ चा. एकाच मंडळीत वाढले, एकाच तऱ्हेने पियानो शिकले, आणि गावातील कृष्णवर्णीयांच्या नाचगृहाबाहेर कान लावून एकच संगीत चोरून ऐकले. घरच्यांनी जेरी लीला टेक्सासमधील एका बायबल विद्यालयात पाठविले. तेथे त्याने एक भक्तिगीत जरा उडत्या ठेक्यात वाजविले, आणि विद्यालयाने त्यास घरची वाट दाखविली. पुढे १९५७ साली मेम्फिसच्या सन स्टुडिओत एक गाणे ध्वनिमुद्रित होत असताना तो मध्येच थांबला आणि स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स यांच्याशी वाद घालू लागला. हे गाणे पाप आहे, आपल्या अंगी सैतान आहे, असे तो कळवळून सांगत होता; या संगीतानेही माणसांचे कल्याण होऊ शकेल, अशी फिलिप्स त्याची समजूत घालीत होते. तो संवाद ध्वनिफितीवर राहून गेला आहे. ज्याने ऐकला असेल, तो त्यातील भीती विसरणार नाही. बावीस वर्षांचा एक पोर, अत्यंत लाडके गाणे वाजविण्याच्या क्षणी, आपण नरकात जाणार म्हणून थरथरत आहे. आणि तरीही वाजवीत आहे! हे भय त्याला सैतानाने शिकविले नव्हते.

दुसरा भाऊ प्रवचनकार झाला. ऐंशीच्या दशकात दूरचित्रवाणीवरून तो कोट्यवधींपर्यंत पोहोचला आणि रॉक संगीताविरुद्ध त्याच्याइतका आवाज क्वचितच कोणी उठविला असेल. ख्रिस्ती शब्द घालून वाजविलेले रॉक तर त्यास अधिकच घातक वाटे. १९८७ साली त्यावर त्याने स्वतंत्र पुस्तकच लिहिले. १९८८ साली त्याचे स्वतःचे स्खलन जगापुढे आले, त्याविषयी आज सणाच्या दिवशी बोलण्याचे कारण नाही. पण एक विसरता येत नाही : व्यासपीठावरून तो पियानो वाजवी, तेव्हा बोटे त्याच खेड्यातील, त्याच ठेक्याची होती.

१९६६ सालच्या होळ्या तर सर्वश्रुतच आहेत. बीटल्सपैकी जॉन लेनन याने मार्च महिन्यात लंडनच्या एका वृत्तपत्राच्या मुलाखतीत, आपण आज येशूहूनही लोकप्रिय आहोत, अशा अर्थाचे उद्गार काढले. इंग्लंडात कोणी मान वर करून पाहिले नाही. तेच वाक्य अमेरिकेतील एका किशोरवयीनांच्या मासिकाने पुन्हा छापताच दक्षिणेत ठिकठिकाणी तबकड्यांची होळी पेटली. टेक्सासमधील लाँगव्ह्यू येथील एका नभोवाणी केंद्राने १३ ऑगस्ट रोजी अशी होळी केली. दुसऱ्या दिवशी त्याच केंद्राच्या मनोऱ्यावर वीज पडली. (यातून कोणता दैवी संकेत घ्यावा, हे वाचकांनीच ठरवावे, आम्ही त्यात पडत नाही.) आज त्या होळ्यांची छायाचित्रे पाहिली की आमची नजर ज्वाळांकडे जात नाही. हातांत तबकड्या घेऊन रांगेत उभी असलेली ती बारा-चौदा वर्षांची मुले दिसतात. काही हसत आहेत. पण महिनोन् महिने पैसे साठवून घेतलेले गाणे ज्याने आगीत टाकले असेल, त्याच्या मनाचा पत्ता त्या छायाचित्रात नाही.

तो पत्ता आम्हांस थोडासा ठाऊक आहे. अशी एक होळी आमच्या डोळ्यांसमोर झाली. १९८० नंतरचे ते दिवस. अमेरिकेतील व्याख्यानांच्या ध्वनिफिती आणि पुस्तिका तेव्हा आमच्या मंडळ्यांतही पोहोचू लागल्या होत्या. अमुक तबकडी उलटी फिरविली की सैतानाची स्तुती ऐकू येते, असे त्यांत सांगितलेले असे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाच्या एका समितीपुढे १९८२ साली खरोखरच एक गाणे उलटे वाजवून दाखविण्यात आले होते, आणि आर्कान्सामध्ये तर पुढच्याच वर्षी तबकड्यांवर इशारा छापण्याचे विधेयकही मंजूर झाले. राज्यपालांनी ते परत पाठविले. असो. आमच्या मंडळीत एक सुवार्तिक तीन संध्याकाळच्या सभांसाठी आले. तिसऱ्या संध्याकाळी मंदिरामागच्या आवारात तरुणांनी आपापल्या कॅसेट आणून ढीग केला. त्यात आमच्या एका मित्राच्या कॅसेट होत्या. नाताळात घरोघर फिरणाऱ्या गायकवृंदात तोच गिटार वाजवीत असे. त्या सभेनंतर त्याने गिटार माळ्यावर टाकली. कॅसेट जळल्या, पण गाणी डोक्यातून जळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी तो कोणाकडे तरी जाऊन चोरून ऐकू लागला. ऐकून आला की प्रभुभोजनास पुढे येईना. आपण अपात्र आहोत, असे म्हणे. आम्ही त्याची समजूत घातली नाही, उलट मनातल्या मनात त्यास अशक्त श्रद्धेचा समजलो. वर्षभराने त्याने येणेच बंद केले. ज्याने कधी प्रार्थना चुकविली नाही, खोटे बोलले नाही, त्याला एका ठेक्याने बाहेर काढले. नव्हे, त्या ठेक्याविषयीच्या आमच्या बोलण्याने काढले.

या ठेक्याविषयीचा युक्तिवाद मुद्दाम पाहण्याजोगा आहे, कारण तो आम्हां हिंदी ख्रिस्ती लोकांच्या मुळावर येतो. शब्द वाईट असतील तर शब्दांना दोष द्यावा, हे समजते. परंतु पुष्कळ प्रवचनकार म्हणत की, दोष तालातच आहे. तो ताल आफ्रिकेतील भुताखेतांच्या पूजेतून आला आहे. १९५६ साली अलाबामातील गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांनी रॉक संगीताविरुद्ध आरडाओरडा केला, त्याच्याही मुळाशी हेच होते : काळ्यांचा ताल गोऱ्यांच्या मुलांना बिघडवील! धर्माची भाषा तेथे वर्णद्वेषाला अंगरखा म्हणून मिळाली. आणि एकदा तालच मूर्तिपूजक ठरला की आमचा मृदंग, आमची ढोलकी, आमचा टाळ यांचे काय? परकीय मिशनऱ्यांच्या काळात आमच्या मंदिरांत इंग्रजी चालींची भाषांतरित गीते ऑर्गनवर गायिली जात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही आपल्या मातीची वाट ख्रिस्तभक्तीसाठी रुंद केली नसती, तर आजही आम्ही परक्या श्वासानेच गात राहिलो असतो. त्यापूर्वी सप्टेंबर १८८२ मध्ये मुक्तिफौजेची पहिली तुकडी, अवघी चार माणसे, मुंबईत उतरली आणि वाद्ये वाजवीत रस्त्याने निघाली, तेव्हा सरकारने त्यांना पकडून न्यायालयात उभे केले होते. लोकांच्या चालींवर देवाचे गाणे म्हणणे हीच त्या फौजेची रीत. आज तिला कोणी नावे ठेवीत नाही.

निंदा करणारे सारेच मूढ होते, असे आम्ही म्हणणार नाही. १९७० साली तीन आठवड्यांच्या आत जिमी हेन्ड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन हे दोघे सत्ताविशीतच गेले; मादक द्रव्यांनी किती घरे उजाड केली, हे पाहणाऱ्या आईबापांची भीती खोटी नव्हती. पण मादक द्रव्याला मादक द्रव्य म्हणावे. त्याचे पाप ढोलावर का लादावे? भेद करण्याचे कष्ट नकोत म्हणून सारेच एका गाठोड्यात बांधून सैतानाच्या पदरी टाकले गेले. लॅरी नॉर्मन नावाच्या तरुणाने १९६९ पासून रॉकच्या चालीत ख्रिस्ताची गीते गायिली. पुष्कळ ख्रिस्ती दुकानदारांना तो फार उनाड वाटला आणि इतरांना फार धार्मिक. १९७२ च्या जूनमध्ये डॅलस येथे बिली ग्रॅहम यांच्या उपस्थितीत हजारो तरुणांपुढे तो गायिला, तेव्हा बर्फ थोडासा वितळला, इतकेच. १९९७ साली बोलोन्या येथे बॉब डिलन पोप जॉन पॉल दुसरे यांच्यापुढे गायिले. तेव्हाचे कार्डिनल रॅट्झिंगर यांना ते रुचले नव्हते, हे त्यांनीच पुढे पोप झाल्यावर लिहून ठेवले. आणि २००८ साली व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने लेननच्या त्या वाक्याला एका तरुणाची फुशारकी म्हणून सोडून दिले. बेचाळीस वर्षे लागली. लेनन तर १९८० सालीच गेला होता.

फेरिडेचे ते दोघे भाऊ मात्र अखेर एकत्र आले. २०२२ साली, दोघेही शहाऐंशीच्या घरात असताना, लहानपणी मंदिरात गायिलेल्या भक्तिगीतांचा एक संग्रह त्यांनी मिळून प्रसिद्ध केला. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला जेरी ली लुइस वारला. फेरिडे येथे त्याच्या अंत्यविधीच्या वेळी प्रवचन करण्यास जिमी स्वागार्ट उभा राहिला.