हस्तर उपाशी का?

‘तुंबाड’ हा भयपट नव्हेच, असे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलामुलींचे ठाम मत आहे. पांढऱ्या साडीतली बाई नाही, करकरणारे दार नाही, मांत्रिक नाही. मग घाबरायचे कशाला? उरलेल्या निम्म्यांच्या मते चित्रपट फार मोठा आहे. का मोठा, असे विचारले की ‘लोभाचे प्रतीक’ एवढे दोन शब्द ऐकायला मिळतात. पहिल्या मंडळींशी माझे भांडण नाही. दुसऱ्यांशी आहे, आणि त्यांत आमचे काही प्राध्यापकही असल्यामुळे जरा जपून लिहिते.

राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट 12 ऑक्टोबर 2018 रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा आरंभ त्याने झाला होता. आपल्याकडे मात्र तेव्हा फारशी गर्दी झाली नाही. 13 सप्टेंबर 2024 रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. भाषा हिंदी असली तरी बीज मराठी आहे. 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने नारायण धारपांची एक कथा सांगितली, तिने आपण घाबरलो आणि 1997 मध्ये चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला, असे बर्वे यांनीच सांगितले आहे. तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. (त्या वयात आम्ही बारावीचे अपेक्षित प्रश्नसंच पाठ करीत होतो!)

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा. त्याला आईजवळचे सोनेही हवे होते आणि धान्यही. सोने मिळाले, पण धान्याकडे वळताच बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवले, ते तुझी पूजा कधीही होणार नाही या अटीवर. तेव्हापासून तो आईच्या गर्भात पडून आहे. सोने कमरेला आणि पोट रिकामे. तुंबाडच्या वाड्यातून त्या गर्भात उतरता येते. विनायक कणकेची बाहुली घेऊन खाली जातो, स्वतःभोवती पिठाचे रिंगण आखतो. हस्तर बाहुलीवर झडप घालतो तेवढ्यात त्याच्या लंगोटातून मोहरा पाडायच्या आणि दोरावरून वर पळायचे. 1918, 1933 आणि 1947 अशा तीन टप्प्यांत ही गोष्ट चालते. सगळीकडे पाऊस. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना पाऊस न येण्याची भीती ठाऊक आहे. न थांबणारा पाऊस पाहूनच मला पहिल्यांदा कसेतरी झाले.

अमरावतीला आम्ही मैत्रिणी दुपारच्या खेळाला गेलो होतो. साखळीने बांधलेली म्हातारी दिसली तेव्हा मागच्या रांगा खो खो हसल्या. पुढे त्याच म्हातारीच्या अंगातून झाड उगवलेले दिसते आणि तरी ती जिवंत असते, तिथे मात्र हसू थांबले. पण मला खरे नवल वाटले ते मोहरांच्या वेळी. लंगोटातून मोहरा पडू लागल्या आणि शिट्ट्या सुरू झाल्या. “उचल बे, उचल!” “थे तिकडची राह्यली ना!” सारे टॉकीज विनायकाबरोबर मोहरा वेचीत होते. त्याला ‘पळ’ असे कोणीच म्हणाले नाही. हस्तर त्याला धरील ही भीती नव्हतीच. तो रिकाम्या हाताने वर येईल, ही होती. पुढे त्याचा मुलगा पांडुरंग युक्ती काढतो, की एकाच बाहुलीऐवजी पुष्कळ बाहुल्या न्याव्यात. या युक्तीला टाळ्या पडल्या. मग जितक्या बाहुल्या तितके हस्तर वरून उतरू लागले, तेव्हा टाळ्या वाजवणारे हात मांडीवर आले.

या प्रेक्षकांना गावंढळ म्हणणे सोपे आहे. वर्गातल्या चर्चेत तसे म्हटलेही गेले. मला वाटते, चित्रपटाने ज्यांना पकडले ते हेच लोक. ‘लोभाचे प्रतीक’ असे म्हटले की तो लोभ विनायकाचा होतो, आपण खुर्चीत सुरक्षित! शिवाय लोभ हा शब्दच मला इथे अपुरा वाटतो. आमच्या घरी दर जूनमध्ये आईची पोत बियाण्यासाठी गहाण पडते. कापूस विकला की ती सोडवून आणायची; एखाद्या वर्षी तेही जमत नाही. अशा घरातल्या माणसाने पडद्यावरची मोहर पाहून शिट्टी वाजवली तर त्याला हावरट कसे म्हणावे? पण तो निरागस आहे असेही मी म्हणणार नाही. अकोल्याहून आलेला माझा मामेभाऊ चित्रपट सुटल्यावर थट्टेने म्हणाला, “आपल्या गावच्या गढीत खणून पाहू का?” गुप्तधनाच्या नावाने अघोरी कृत्ये करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राला 2013 मध्ये कायदा करावा लागला, तो थट्टेवरून नव्हे.

दिवाळीत त्याच भावाने अकोला जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजीला मोबाईलवर ‘तुंबाड’ दाखवला. आजीला हिंदी अर्धेमुर्धे कळते. हस्तरने बाहुली ओरबाडली तसे ती म्हणाली, “बाप्पा, हा तं उपाशी हाये!” आणि शेवटी तिने विचारले, “इतक्या डाव त्याच्यापाशी गेले, एकानंही पोटभर जेवाले नाही घातलं त्याले?” बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला जाई आणि मिलोच्या लाल भाकरी खाई. आम्ही सगळ्यांनी विनायकाकडे पाहिले, तिने हस्तरकडे. पीठ घेऊनच सारे खाली उतरतात, पण ते त्याला भुलवण्यापुरते. हा प्रश्न मी कुठल्याही चर्चेत ऐकला नव्हता. वर्गात तो सांगितला तेव्हा एक मित्र म्हणाला, “अगं, पोटभर घातले तर कथा पुढे कशी सरकेल?” त्याचे खरे आहे. पण प्रश्न तरी कुठे सुटला?

आजी घाबरली नाही, असे भाऊ सांगतो. मी त्या रात्री तिथेच होते. झोपण्यापूर्वी तिने पिठाच्या डब्याचे झाकण दोनदा चाचपून पाहिले.

महाविद्यालयात चित्रपट दाखवावेत अशी सूचना यंदा पुन्हा आली आहे. माझ्यातर्फे एक नाव देते: अमोल पालेकर यांचा ‘आक्रीत’, 1981. पटकथा विजय तेंडुलकरांची. आपल्यापासून फार दूर नसलेल्या परभणी जिल्ह्यात, मानवतला, 1972 ते 74 या काळात झालेल्या खुनांवर तो आधारलेला आहे. त्या खुनांमागेही गुप्तधनाची आशा होती. त्यात कोणी हस्तर नाही, सगळी माणसेच आहेत. मात्र तो फक्त कला शाखेच्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना दाखवू नये. मेसच्या काकूंना, ग्रंथालयातल्या शिपाईदादांना पुढच्या रांगेत बसवावे, आणि चर्चेत पहिला प्रश्न त्यांना विचारू द्यावा.