पडून राहण्याचा हक्क

मी कवितेत हाडं फार वापरली. हाडांचा सापळा, हाडांचा चुरा, हाडाची काडं. सभेत टाळ्या पडायच्या. च्यायला, हाड म्हणजे काय चीज आहे ते नडगीतनं पू वाहायला लागला तेव्हा कळलं.

अंकाच्या बैठकीत मी म्हणलं, या वेळी कविता नाय, यावर लिहितो. एक दोस्त म्हणला, 'आजारपण ही तुझी खाजगी बाब. अत्याचारावर लिही.' दोस्ता, अत्याचारावरच लिहितोय. ऐक.

मी गोदीत रोजावर आहे. दहावी पास, पण ठेकेदाराच्या वहीत फक्त एक आकडा. जहाजातनं लोखंडी सळयांचे भारे उतरत होते. स्लिंग सरकली, भारा घरंगळला आणि माझ्या उजव्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. सरकारी इस्पितळात ऑपरेशन झालं, लोखंडाची पट्टी आणि स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, तीन महिने पायावर भार टाकू नको. दोन महिन्यांनीच मुकादमाचा निरोप आला, 'येतोस का दुसरा घेऊ?' गेलो. न जाऊन सांगतो कुणाला?

पुढं नडगीवर फोड आला, फुटला, वाहू लागला. आईनं हळद भरली. मेडिकलवाल्यानं तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. पू थांबला की कामावर. पुन्हा वाहिला की पुन्हा गोळ्या. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ताप चढला आणि टोळीतल्या पोरांनी उचलून इस्पितळात टाकलं.

तिथं नाव कळलं. ऑस्टिओमायलायटिस. हाडाला झालेला जंतुसंसर्ग. बहुतेक वेळा हा स्टॅफिलोकोकस ऑरिअस नावाचा जंतू असतो. माणसाच्या नाकात, कातडीवर तो गुपचूप राहतो. उघड्या जखमेतनं हाडात शिरला की पू धरतो. पुवाच्या दाबानं हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढा तुकडा मरतो. औषध जातं रक्तातनं. मेलेल्या हाडात रक्तच नाही, मग औषध पोचणार कसं? जंतू त्या तुकड्यात आणि लोखंडाच्या पट्टीवर चिकट थर करून दडून बसतो. वरून खपली धरते, आत सगळं तसंच. म्हणून हा आजार वर्षांनीसुद्धा परत उठतो.

म्हणून आधी मेलेलं हाड खरवडून काढायचं. त्यातला तुकडा तपासायचा, जंतू कोणता आणि तो कशानं मरतो ते बघायचं. ताप उतरल्यावर डॉक्टरांनी दोन आठवडे माझ्या सगळ्या गोळ्या बंद ठेवल्या. मेडिकलवाल्याच्या अर्धवट गोळ्यांनी जंतू मरत नाही; तो तपासणीत लपतो, वर निर्ढावतो. मग पट्टी काढली, हाड खरवडलं, बाहेरून लोखंडी चौकट बसवली. आणि सहा आठवडे औषध. पूर्वी हे सगळे आठवडे शिरेतनंच औषध द्यायचे. 2019 साली ब्रिटनमधल्या ओव्हिवा चाचणीचा निकाल छापून आला. 1,054 रुग्ण होते. योग्य गोळ्या पोटातनं घेतल्या तरी वर्षभरातला निकाल शिरेतल्या औषधापेक्षा वाईट नव्हता. मला काही दिवस इंजेक्शनं, मग गोळ्या देऊन घरी सोडलं.

विज्ञानानं सलाईनची दोरी सोडवली. रोजाची दोरी कोण सोडवणार?

सहा आठवडे म्हणजे 42 दिवस. सुट्या सोडून 36 रोज. 700 रुपयांनी 25,200 रुपये. ते फक्त औषधाचे दिवस झाले. हाड जुळायला महिने लागतात. ऑपरेशनाला महात्मा फुल्यांच्या नावाची योजना आहे. ती इस्पितळाचं बिल भरते, चुलीचं नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरचा हमाल दहाव्या दिवशी निघून गेला. घरात चार तोंडं. परत आला तेव्हा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याला जंतूनं लंगडा केला की रोजानं? सांगा.

आता कायद्याचं बघा. 1942 ते 1946 व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरखातं बाबासाहेबांकडं होतं. त्याच काळात, 1944 साली, बी. पी. अदारकरांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. त्यातनं 1948 चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला. त्या विम्यात कामावरच्या इजेला मजुरीच्या 90 टक्के मिळतात, तात्पुरतं अपंगत्व टिकेल तोवर. दीर्घ आजारांची 34 नावांची यादी आहे, त्यांना 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. हाड बाहेर येऊन मोडणं आणि त्यात जुनाट ऑस्टिओमायलायटिस होणं, हे त्या यादीत आहे.

म्हणजे माझा आजार यादीत नावानिशी आहे. यादीबाहेर आहे तो मी. ठेकेदारानं माझी नोंदच केली नाही.

आणि यात जात कुठं, असं विचारणाऱ्यानं सकाळी रोजाच्या रांगेत उभं राहून आडनावं ऐकावीत. माझ्या टोळीत बौद्ध, मातंग, यूपीचे जाटव, मुसलमान. हजेरी लिहिणारा यातला एकही नाही. इस्पितळात माझ्या पुवाच्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत भरून नेणारी मावशीसुद्धा आपलीच, ठेक्यावरची. तिला विचारलं, 'मावशी, तुम्ही आजारी पडलात तर?' म्हणली, 'मी पडले की दुसरी येते, बाळा.'

दोस्तांनो, आपणही कमी नाही. लढून मेलेल्याची मिरवणूक काढतो. सहा आठवडे खाटेवर पडलेला आपल्याला भेकड वाटतो. मलाच माझी लाज वाटत होती. आई लोकांच्या घरी भांडी घासायची आणि मी छताकडं बघत पडलेला. ही लाज मालकाची आहे, ती आपल्या डोक्यात त्यानं भरलीय. पडून राहणं हे औषध आहे, आणि औषध भीक म्हणून नाही, हक्क म्हणून पाहिजे. गेटातनं आत जाणाऱ्या प्रत्येक रोजावरच्या माणसाची विम्याची नोंद आधी झाली पाहिजे. डॉक्टर लिहील तितके दिवस मजुरी मिळाली पाहिजे. तोवर प्रत्येक शाखेनं आपल्या वस्तीतल्या पडलेल्या माणसांची वही ठेवावी, ड्रेसिंगला न्यायची पाळी लावावी, धान्याची वर्गणी काढावी. माझ्या टोळीनं हे केलं, म्हणून मी आज काठीवर का होईना, दोन पायांवर उभा आहे.

मुकादम पुन्हा निरोप धाडणारच, 'येतोस का दुसरा घेऊ?' तेव्हा मी नाय म्हणीन. पण माझ्या एकट्याच्या नाय म्हणण्यानं काय होणार? त्या दुसऱ्यानंसुद्धा नाय म्हणलं पाहिजे.

जय भीम.