नक्षीला कर्ता नसतो काय?

आमच्या विभागातून एम. ए. झालेली एक विद्यार्थिनी सध्या कापडावरच्या नक्षी रचते आणि त्या परदेशी ऑनलाइन बाजारपेठांत विकायला ठेवते, हे कळल्यावर स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘म्हणजे साहित्य सोडून साड्यांकडे वळली म्हणायची’ असा शेरा मारला. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज वाटते, म्हणून हे टिपण.

तिने ज्वारीच्या कणसांची एक नक्षी मला दाखवली होती. चौकटीची उजवी कड डावीशी आणि खालची वरच्या कडेशी अशी जुळावी लागते, की थानभर कापड पसरले तरी सांधा दिसता कामा नये. पहिल्या खर्ड्यात कणसे कवायतीला उभी असल्यासारखी दिसत होती. तिने एकाआड एक रांग अर्ध्या उंचीने खाली सरकवली आणि शेत हलू लागले. (छंदातले आवर्तन वर्गात समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला अद्याप सापडलेले नाही.) विल्यम मॉरिसने ‘स्ट्रॉबेरी थीफ’ ही कापडावरची नक्षी १८८३ साली रचली, तेव्हा तोही कवीच होता, त्याने साहित्य सोडले असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता व्यवहाराकडे वळू. स्पूनफ्लॉवर ही या क्षेत्रातली एक जुनी बाजारपेठ, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात २००८ साली सुरू झालेली. मागणी आली की तेवढेच कापड छापायचे, ही रीत. रचनाकाराचा मूळ वाटा तेथे बरीच वर्षे १० टक्के राहिला. ‘मराठी लेखकाला तरी याहून काय मिळते?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण प्रकाशक निदान आवृत्ती छापतो, गठ्ठे पडून राहिले तर तोटा सोसतो. येथे मागणीआधी वीतभरही कापड छापलेले नसते. न खपण्याची जोखीम रचनाकाराच्या खर्ची पडलेल्या महिन्यांवर येते. याला ‘कलेचे लोकशाहीकरण’ म्हणणाऱ्यांनी त्या शब्दाचा अर्थ एकदा तपासावा.

खरी मेख मात्र आपल्या कायद्यात आहे. कवितेच्या ५० हजार प्रती निघाल्या तरी कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कापडाच्या नक्षीचे तसे नाही. डिझाइन म्हणून नोंदता येण्याजोगी असूनही न नोंदलेली रचना कर्त्याने किंवा त्याच्या परवान्याने औद्योगिक प्रक्रियेने वस्तूंवर ५० पेक्षा अधिक वेळा उतरवली, की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५(२) नुसार तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. म्हणजे जी खपते तीच निराधार होते! मूळ चित्र आणि डिझाइन यांच्या भेदावर न्यायालयांत खल होत असतो, हे खरे. पण कापडासाठीच रचलेल्या नक्षीला त्याचा आधार तोकडाच. नोंदणी केली तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली १० आणि वाढवून आणखी ५ वर्षे मिळतात. मात्र अर्जापूर्वी रचना कोठेही जाहीर झालेली नसावी लागते.

कर्ता, कृती आणि मौलिकता यांवर आपण सत्रच्या सत्र व्याख्याने देतो. या कलमाविषयी तिला आमच्यापैकी एकानेही सांगितले नाही, कारण नक्षीला कर्ता असतो हेच आम्हाला सुचले नव्हते.

गेल्या महिन्यात तिने फोन केला. ‘सर, नोंदणी करून ठेवू का?’ नव्या रचनांची कर, आधी नोंदव आणि मगच चढव, असे मी म्हणालो. ज्वारीची नक्षी दोन वर्षांपूर्वीच चढवलेली आहे.