वाचलेल्यांचा अंदाज, मेलेल्यांची मोजणी

ऑगस्ट आला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. हिरोशिमा-नागासाकीवर बॉम्ब पडले म्हणून दुसरे महायुद्ध थांबले, नाहीतर आणखी लाखो माणसे मेली असती. म्हणजे झाले ते वाईट, पण गरजेचे!

आधी इतिहास पाहू. हिरोशिमावर बॉम्ब पडला ६ ऑगस्ट १९४५ रोजी, नागासाकीवर ९ तारखेला. मधल्या ८ तारखेला सोव्हिएत रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारले. जपानला नमवले बॉम्बने की रशियाने, यावर इतिहासकार आजही भांडतात. अमेरिकेच्याच सरकारी बॉम्बहल्ला सर्वेक्षणाने १९४६ साली सांगितले की, अणुबॉम्ब टाकले नसते तरी जपान वर्षअखेरीच्या आत शरण आला असता.

पण समजा, बॉम्बनेच युद्ध थांबले. जपानी लष्कराने नानजिंगमध्ये केलेली कत्तलही खरीच. त्याची शिक्षा कोणाला झाली? हिरोशिमात वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मेली. त्यांत घरे पाडण्याच्या कामाला जुंपलेली शाळकरी मुले होती. जपानने सक्तीने आणलेले कोरियन मजूर होते. जपानच्या जुलमाचे बळीच जपानला धडा शिकवण्यासाठी जाळले गेले. सम्राटाची गादी मात्र शाबूत राहिली.

वाचलेली माणसे अंदाजातली असतात, मेलेली खरी. अंदाज हवा तेवढा फुगवता येतो. हा हिशेब एकदा मान्य केला की निरपराधांना मारणे हा निव्वळ आकडेमोडीचा प्रश्न उरतो. बाजारात बॉम्ब ठेवणारा अतिरेकीही असाच हिशेब मांडतो. त्याला आपण नराधम म्हणतो. मग तेच काम विमानातून करवून घेणारा मुत्सद्दी कसा?

आता जरा आपल्याकडेही पाहू. १९९८ मध्ये पोखरण आणि चगाईला स्फोट झाले तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना जल्लोष झाला. पाकिस्तानच्या बॉम्बला 'इस्लामी बॉम्ब' म्हणून मिरवणारेही होते. प्रेषितांनी युद्धातही स्त्रिया आणि मुलांना मारण्यास मनाई केली आहे. जे शस्त्र पाळण्यातले मूल आणि सैनिक यांत फरकच करू शकत नाही, ते इस्लामी कसे होईल?

शहर जाळून युद्ध थांबत असेलही. म्हणून शहर जाळण्याचा हक्क कोणाला मिळत नाही. अमेरिकेला नाही, भारताला नाही, पाकिस्तानलाही नाही.